देव हवेत, महाराज नकोत

लेखमाला : आजचे पेगन – भाग ६

१९५२ साल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथला राहणाऱ्या डोरीन व्हॅलिएन्ते या तिशीतल्या बाईंच्या वाचनात एक लेख आला. आयल ऑफ मॅन बेटावर चेटूकविद्येचे संग्रहालय निघाले आहे आणि चेटकिणींचा जुना धर्म पाळणारी माणसे इंग्लंडात अजून आहेत, असे त्यात म्हटले होते. बाईंनी संग्रहालयाला पत्र टाकले. ते पत्र जेरल्ड गार्डनर यांच्याकडे पोहोचले. सिलोन, बोर्निओ, मलायात उमेद घालवून परतलेला हा निवृत्त कस्टम्स अधिकारी. आज 'विक्का' म्हणून ओळखला जाणारा पेगन पंथ त्यानेच लोकांपुढे आणला.

भेट झाली तेव्हा गार्डनरनी बाईंच्या हाती स्वतःची एक कादंबरी ठेवली. तिच्यात विवस्त्र उपासना होती, विधीतले फटकेही होते. वाचून बाई बिचकतात का, एवढेच पाहायचे होते. (विक्काच्या मंडळींत विवस्त्र उपासनेसाठी जो इंग्रजी शब्द रूढ आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'दिगंबर' असा होतो. सिलोनचे पाणी प्यायलेल्या माणसाच्या पंथात हा शब्द भेटला की आपल्याला हसू येतेच.) बाई बिचकल्या नाहीत. १९५३च्या उन्हाळ्यात त्यांची दीक्षा झाली आणि पुढे त्या हर्टफर्डशरमधल्या ब्रिकेट वुडच्या मंडळाच्या मुख्य पुजारीण झाल्या. अशा मंडळाला 'कोव्हन' म्हणतात. परंपरेने माणसे तेरा.

गार्डनरच्या वहीतले मंत्र-स्तोत्र फार प्राचीन आहे, असे सांगितले जाई. डोरीनबाईंचे वाचन दांडगे. त्यातल्या कितीतरी ओळी अलेस्टर क्रोली या विसाव्या शतकातल्याच मांत्रिक-कवीच्या आहेत, हे त्यांनी ओळखले आणि तोंडावर सांगितले. याहून बरे जमत असेल तर तूच लिही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. बाईंनी लिहिले. विक्काची मंडळी आज जगभर जे देवीवचन भक्तिभावाने म्हणतात, त्याचे प्रचलित रूप त्यांच्याच हातचे आहे. गार्डनरच्या पारड्यात एक गोष्ट टाकली पाहिजे : चोरी पकडणाऱ्या शिष्येच्याच हाती लेखणी देणारा गुरू रोज भेटत नाही.

पण १९५७मध्ये गाडी अडली. गार्डनरना वर्तमानपत्रांत झळकायची हौस होती; मंडळातल्या काहींना आपले नाव बाहेर फुटण्याची धास्ती होती. चेटूकविरोधी कायदा १९५१मध्ये रद्द झाला होता, शेजारपाजार आणि नोकरी मात्र जिथल्या तिथेच होती. डोरीनबाई आणि त्यांच्या बाजूच्यांनी काही नियम सुचवले : प्रसिद्धी कोणी, किती, कोणाच्या संमतीने करायची. गार्डनरचे उत्तर आले की नवे नियम हवेत कशाला, जुने कायदे आहेतच. सोबत ते कायदेही धाडले, जुनाट इंग्रजीत. त्यांत एक कलम असे होते की, वय झाले की मुख्य पुजारिणीने तरुण बाईसाठी आपली जागा राजीखुशीने सोडावी.

डोरीनबाई तेव्हा पस्तिशीच्या. कायदे इतके जुने असतील तर ते आजवर कोणी पाहिले कसे नाहीत, आणि नेमके भांडणाच्या दिवसांतच कसे सापडले, हा प्रश्न त्यांना पडला. मंडळ फुटले.

पेगन मंडळात जाऊ पाहणाऱ्याने हा प्रसंग नीट पाहावा. अशी बरीच माणसे चर्चला कंटाळून आलेली असतात. इथे पोप नाही, बायबल नाही, पापाची कबुली नाही, म्हणून त्यांना हायसे वाटते. पण पोप नाही म्हणजे सत्ता नाही, असे होत नाही. ती दुसऱ्या दाराने येते. ब्रिकेट वुडला ती 'प्राचीन' हा शिक्का मारून आली. शिक्का खोटा आहे हे ओळखायला तिथे एक वाचलेली बाई होती, म्हणून निभावले.

दुसरे दार अधिक फसवे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९८०च्या सुमारास लेखिका स्टारहॉक आणि त्यांच्या मैत्रिणींच्या वर्गांतून 'रिक्लेमिंग' ही परंपरा उभी राहिली. स्त्रीवाद, अणुविरोधी आंदोलने आणि देवीपूजा यांचे हे मिश्रण. १९९७मध्ये त्यांनी आपली तत्त्वे लेखी केली. अंतिम आध्यात्मिक अधिकार प्रत्येकाच्या आतच आहे, पवित्र काय ते समजावून द्यायला मध्ये दुसऱ्या कोणाची गरज नाही, असा त्यांचा आशय. दीक्षा ऐच्छिक. निर्णय सर्वसंमतीने. देव हवेत पण महाराज नकोत, अशा माणसाला आणखी काय पाहिजे?

पण सर्वसंमतीची बैठक ज्याने कधी काढली आहे (आपल्याकडे सोसायटीची सर्वसाधारण सभा पुरेशी आहे), त्याला ठाऊक असते की रात्री उशिरापर्यंत बसू शकणाऱ्याचे मत शेवटी चालते. ज्याला घरी लहान मूल आहे, तो आधीच उठलेला असतो. पुढारी नाही म्हटले की पुढाऱ्याला जाब विचारायची सोयही जाते. जो फोन उचलतो, ज्याच्या दिवाणखान्यात पौर्णिमा साजरी होते, तोच हळूहळू सगळे ठरवू लागतो, आणि तसे म्हटले तर त्यालाच वाईट वाटते. मला विचाराल तर पाटीवर 'अध्यक्ष, मुदत दोन वर्षे' असे लिहिलेले मंडळ बरे.

पेगनांनी या धोक्याकडे डोळेझाक केली असे मात्र नाही. बर्कलीच्या विद्यापीठातून १९७०मध्ये चक्क जादू या विषयात पदवी घेतलेले आयझॅक बोनविट्स यांनी १९७९मध्ये पंथ किती घातक आहे ते मोजायची एक पट्टी तयार केली. प्रत्येक मुद्द्याला एक ते दहा गुण : पैसा किती गोळा करतात, लैंगिक बळजोरी किती, सोडून जाणाऱ्याला किती अडवतात. माझ्या आवडीचा मुद्दा विनोदाचा. गटाच्या, त्याच्या श्रद्धांच्या, त्याच्या पुढाऱ्यांच्या थट्टेवर तिथे किती कपाळांवर आठ्या चढतात?

ही पट्टी खिशात ठेवून आधी उघड्या मेळाव्यांना जावे. इंग्लंडात ते बहुधा पबमध्येच भरतात, बिअरचा ग्लास हाती घेऊन बोलता येते. दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस थांबायचा प्रघात अनेक मंडळांत आहे. तो मंडळाइतकाच तुमच्याही सोयीचा आहे. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. कोणी मागितले तर तिथूनच माघारी फिरावे. आणि जे सोडून गेले त्यांच्याबद्दल तिथली माणसे कशी बोलतात, ते कान देऊन ऐकावे.

डोरीनबाईंनी पुढे आणखी एका गुरूचे मंडळ जवळ केले आणि तेही सोडले. धर्म मात्र सोडला नाही. १९७८च्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्वतःच स्वतःला दीक्षा देण्याचा विधी छापून टाकला. १९९९मध्ये त्या वारल्या. २०१३मध्ये ब्रायटनला त्यांच्या नावाची निळी पाटी लागली, त्या राहत होत्या त्या नगरपालिकेच्या बहुमजली इमारतीवर.