पहिला हप्ता

१९८५ साली माझी बदली कऱ्हाडच्या शाखेत झाली. तिथे एक नवा कारकून होता. दुपारच्या सुट्टीत डबा संपला की कॅशच्या पिंजऱ्यात बसून तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत असे. एका शनिवारी ते त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाला, "साहेब, वाचून बघा. पण पहिली शंभर पाने सोसावी लागतील."

कर्ज मागायला आलेला माणूस पहिले हप्ते थकतील असे आपणहून कधी सांगत नाही. या प्रामाणिकपणावर खूश होऊनच मी पुस्तक घरी नेले. जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तो पहिला खंड होता, 'द फेलोशिप ऑफ द रिंग'.

शंभर पाने सोसावी लागलीच. हॉबिट नावाची बुटकी, खाण्यापिण्याची शौकीन जमात; त्यातल्या बिल्बोचा एकशे अकरावा वाढदिवस; एकशे चव्वेचाळीस पाहुण्यांची पंगत. मग त्याची अंगठी फ्रोडोकडे येते आणि नंतर सतरा वर्षे निघून जातात तरी हा नायक घर सोडत नाही! पण एकदा तो निघाला आणि काळे घोडेस्वार मागे लागले, तेव्हा माझ्याही नकळत माझी झोप उडाली. तीन आठवड्यांनी शेवटचे पान आले. बरोबरचे सोबती पांगले आहेत, फ्रोडो आणि त्याचा माळी सॅम नदी ओलांडून एकटेच शत्रूच्या मुलखाकडे निघाले आहेत, आणि खंड संपला. सोमवारी सकाळी मी कारकुनाला विचारले, "पुढे काय झाले?" तो ओशाळून म्हणाला, "मलाही ठाऊक नाही, साहेब. माझ्याकडे एवढाच आहे."

पुढे समजले की १९५४ च्या वाचकांचीही हीच गत झाली होती. हा खंड लंडनच्या ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने २९ जुलै १९५४ रोजी बाजारात आणला. किंमत एकवीस शिलिंग. टोल्किन यांच्या लेखी ही तीन पुस्तके नव्हतीच, एकच सलग कादंबरी होती. युद्धानंतरच्या महाग कागदामुळे तिचे तीन तुकडे झाले. दुसरा खंड नोव्हेंबरात आला, पण तिसरा यायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडला. दुसऱ्या खंडाच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला असतो. तिथे वाचकांना अकरा महिने टांगून ठेवले गेले.

या व्यवहाराची कागदपत्रे माझ्या टेबलावर आली असती तर मी काय शेरा मारला असता, असे मी अनेकदा स्वतःला विचारले आहे. प्रकाशकाचा मुलगा रेनर याने दहा वर्षांचा असताना टोल्किन यांच्या 'द हॉबिट'चे हस्तलिखित वाचून अभिप्राय लिहिला होता आणि त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला होता. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल, असे त्याचे मत. तोच मुलगा आता संस्थेत काम करत होता. या अवाढव्य कादंबरीत हजार पौंड बुडतील असा त्याचा हिशेब होता. वडील स्टॅन्ली अनविन परदेशी होते. त्यांना त्याने कळवले. उत्तर आले, ते अस्सल प्रतिभेचे काम आहे असे तुला वाटत असेल तर बुडव हजार पौंड. अशी मंजुरी देणारा वरिष्ठ मला साऱ्या नोकरीत भेटला नाही. अर्थात करारात सावधगिरी होतीच. नेहमीची रॉयल्टी नाही. खर्च वसूल होईपर्यंत लेखकाला काही मिळायचे नाही आणि मग नफा निम्मा-निम्मा. पहिली आवृत्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास. ती सुमारे सहा आठवड्यांत पुन्हा छापायची वेळ आली, आणि १९५६ च्या सुरुवातीला लेखकाच्या हाती पडलेला पहिला धनादेश साडेतीन हजार पौंडांहून अधिक रकमेचा होता. प्राध्यापकाच्या वर्षाच्या पगाराहून बराच मोठा.

पण माझे कुतूहल पैशांपेक्षा त्या पहिल्या अभिप्रायांचे. गोष्टीचा एकतृतीयांश हातात, बाकी अंधारात, आणि मत मात्र आजच द्यायचे! सी. एस. लुईस यांनी भरभरून लिहिले; ते मित्र होते, हस्तलिखित ऐकत आले होते, त्यांचे सोडून द्या. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये मनापासून कौतुक केले. एडविन म्यूर यांना ऑब्झर्व्हरमध्ये खटकले ते हे, की यातले चांगले ते अखेरपर्यंत चांगलेच आणि वाईट ते वाईटच. आक्षेप वजनदार आहे. पण मला तो पुरता पटत नाही. खंडाच्या शेवटी अंगठीच्या मोहाने फ्रोडोवर धावून जाणारा बोरोमीर चांगल्यांपैकीच असतो. आपले शहर वाचवायच्या तळमळीतून तो घसरतो. बँकेत मी जे गैरव्यवहार पाहिले, त्यातले निम्मे असेच घरच्या कुणाला तरी वाचवायला निघालेल्या माणसांनी केलेले होते.

१९५६ साली ऑडन यांनीच नोंदवले की या पुस्तकाबद्दल मध्यम मत असलेला माणूस भेटत नाही. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनी त्याची पार चिंधड्या करणारा लेख लिहिला. मौज अशी, की तिन्ही खंड त्यांनी आपल्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवले होते. हजार पाने घसा कोरडा करून मग नापास! हे म्हणजे शेवटचा हप्ता चुकता करून मग कर्जच नको होते म्हणण्यासारखे झाले.

वाचक सर्वात जास्त भांडतात ते टॉम बॉम्बाडिलवरून. पिवळ्या बुटांचा, गात फिरणारा हा रानातला म्हातारा. अंगठीचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि कथानकाला तो फारसा लागतही नाही. २००१ च्या चित्रपटात पीटर जॅक्सन यांनी त्याला सरळ गाळले. (त्याच चित्रपटात बोरोमीरचा मृत्यू दुसऱ्या खंडाच्या आरंभातून उचलून शेवटाला आणला, खंडाचा शेवट अधांतरी आहे ही तक्रार त्यांच्याही कानी आली असावी.) १९५४ सालीच ऑक्सफर्डच्या एका कॅथलिक पुस्तक-दुकानाच्या व्यवस्थापकाने टोल्किन यांना विचारले होते की हा बॉम्बाडिल म्हणजे देव समजायचा का? टोल्किन यांनी लांबलचक उत्तर लिहायला घेतले आणि ते कधीच धाडले नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देतो आहोत, असे त्यांना वाटले. दुसऱ्या एका पत्रात मात्र त्यांनी लिहून ठेवले आहे की कथेत काही कोडी राहिलीच पाहिजेत आणि बॉम्बाडिल हे मुद्दाम ठेवलेले कोडे आहे.

ते न धाडलेले पत्र मी वाचले तेव्हा मला माझी धाडलेली पत्रे आठवली. १९९६ साली माझ्या एका कादंबरीचा पहिला भाग आला होता, खाडीकाठच्या गावाचा. तीस-चाळीस पत्रे आली. बहुतेकांचा सूर एकच : सुरुवात रेंगाळते, तो तरीवाला कशाला? मी प्रत्येकाला नम्रपणे उत्तर दिले, चूक कबूल केली, आणि दुसऱ्या भागातून तरीवाल्याला काढून टाकले. भाग भराभर पुढे सरकला. तो आल्यावर चिपळूणच्या एका आजींचे कार्ड आले. त्यांनी एवढेच विचारले होते की तरीवाल्याचे काय झाले, तो मेला का? त्या कार्डाला मी उत्तर लिहू शकलो नाही. योजलेला तिसरा भागही मग झाला नाही.

१९६५ साली अमेरिकेत एस बुक्सने लेखकाला न विचारता पंच्याहत्तर सेंटची स्वस्त आवृत्ती काढली. मग बॅलन्टाइनने अधिकृत आवृत्ती पंच्याण्णव सेंटला आणली, तेव्हा वाचकांनी वीस सेंट जास्त मोजून तीच उचलली. या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोल्किन यांनी अभिप्रायांचा हिशेब मांडला आहे. कुणाला जे डाग वाटतात, तीच ठिकाणे दुसऱ्याला विशेष आवडतात, तेव्हा बदलायचे तरी काय? एक दोष मात्र त्यांना मान्य आहे : पुस्तक फार आखूड झाले. ही प्रस्तावना मला दहा वर्षे आधी वाचायला मिळती तर!

दुसरा आणि तिसरा खंड मला १९८७ साली मुंबईत फाउंटनच्या पदपथावर मिळाले. वाचून झाल्यावर मी ते तपकिरी कागदात बांधून कऱ्हाडला पाठवले. महिन्याभराने त्या कारकुनाचे आंतर्देशीय पत्र आले. तिसरा संपवून त्याने पहिला पुन्हा काढला होता. त्याने लिहिले होते, "साहेब, ती शंभर पाने या वेळी पुरली नाहीत." आणि खाली, टपालखर्च किती झाला ते कळवावे, म्हणजे पुढच्या पगाराला मनीऑर्डर करतो.