आयर्नचा फटका आणि हरळीची जमीन

वाशीम जिल्हा हा गोल्फच्या नकाशावरचा मुलूख नव्हे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणून ज्याची इतिहासात नोंद आहे, कारंजा, शिरपूर आणि पोहरादेवी या क्षेत्रांमुळे ज्याच्याकडे भाविकांचा ओघ अखंड वाहतो, आणि सोयाबीन, तूर व कापूस यांच्या बाजारभावावर ज्याचा वर्षाचा ताळेबंद ठरतो, त्या जिल्ह्यातील वाचकासमोर गोल्फमधील एका विशिष्ट फटक्याची विस्ताराने मीमांसा करणे प्रथमदर्शनी औचित्याला सोडून वाटेल. इंग्रजी अमलात हा खेळ बंदरे, लष्करी छावण्या आणि थंड हवेची ठिकाणे यांच्या आश्रयाने रुजला. वऱ्हाडातील तत्कालीन बासीम जिल्हा, जो १९०५ साली मोडून अकोला व यवतमाळ यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम या नावाने पुन्हा अस्तित्वात आला, त्या आश्रयाच्या कक्षेबाहेरच राहिला. तथापि आयर्न या हत्याराने मारावयाच्या फटक्याचे सारे मर्म माती, गवत आणि ओलावा यांच्याशी निगडित आहे, आणि या तीन विषयांत वऱ्हाडच्या माणसाला कोणाची शिकवणी लावण्याचे कारण नाही. एवढ्या एका नात्याच्या बळावर हा आढावा घेण्याचे योजिले आहे.

हत्याराची वंशावळ

गोल्फच्या थैलीतील हत्यारांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : दूरचा पल्ला गाठणारी वूड, ग्रीनवरून, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवतावरून, चेंडू खळग्याकडे सरकवणारा पटर, आणि या दोहोंच्या मधला बहुतेक कारभार पाहणारी आयर्न. धनुर्विद्येच्या सरावाकडे प्रजेचे दुर्लक्ष होते म्हणून स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ साली ज्या खेळावर बंदी घातली, त्या खेळात पुढील कित्येक शतके लाकडी हत्यारांचेच वर्चस्व होते. कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला त्या काळचा महागडा चेंडू लोखंडाच्या एका चुकार घावाने फाटत असे. त्यामुळे गाडीच्या चाकोरीत किंवा खडकाळ जागी चेंडू अडकला तरच खेळाडू आयर्नला हात घालीत. १८४८ च्या सुमारास मलायातील एका वृक्षाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू प्रचारात आला, तो स्वस्त आणि चिवट असल्याने लोखंडाचा मार सहन करू लागला, आणि आयर्नचे भाग्य उजळले. पुढे १९२९ साली सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने पोलादी शाफ्टला, म्हणजे दांड्याला, मान्यता दिली; १९३८ साली अमेरिकेत व १९३९ साली ब्रिटनमध्ये थैलीत चौदाहून अधिक क्लब, म्हणजे हत्यारे, असू नयेत असा नियम झाला; मॅशी, निब्लिक अशी जुनी नावे मागे पडून क्रमांक रूढ झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने पात्याच्या मागची बाजू पोकळ करून वजन कडेकडेला वाटले, त्यामुळे मध्यबिंदू चुकलेल्या फटक्याची शिक्षा पुष्कळ सौम्य झाली. ही सोय हौशी खेळाडूला मोठीच उपकारक ठरली. परंतु पाते जमिनीला कोठे भिडावे हे ठरविण्याची जबाबदारी कोणत्याही कारखानदाराने खेळाडूच्या माथ्यावरून उतरविलेली नाही.

भारताचा या इतिहासातील हिस्सा लहान नाही. १८२९ साली स्थापन झालेला रॉयल कलकत्ता क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. महाराष्ट्रात चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा. पुण्याच्या येरवड्यातील मैदानाची परंपराही जुनी. आणि खारघरचे सिडकोचे मैदान सभासदत्वाच्या भिंतीपलीकडील खेळाडूंसाठी उघडलेले. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी आणि पुण्याचा उदयन माने हे दोघेही २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. दिल्लीत कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या थैल्या वाहत खेळ शिकलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली आणि ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. खेळाचा दरवाजा श्रीमंतांच्या अंगणात उघडतो हे खरे. विद्या मात्र त्या अंगणाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यालाही साध्य होते, याचा हा पुरावा दप्तरी दाखल आहे.

उंच जाण्याचे कारण

आयर्नच्या फटक्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी अमेरिकी व्यावसायिक स्पर्धांतील लक्षावधी फटक्यांच्या नोंदी तपासून दिले. अव्वल खेळाडू इतरांवर जी आघाडी मिळवतो, तिच्यातील सुमारे ४० टक्के वाटा ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांचा असतो आणि पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्केच, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ग्रीनकडचे हे फटके बहुधा आयर्ननेच मारले जातात.

आता फटक्याकडे वळू. चेंडूचे वजन नियमानुसार ४५.९३ ग्रॅमहून अधिक नसते व व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसतो. पाते आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग टिकतो. इतक्या अल्प अवधीत मनगटे वळवून चेंडूला वर उचलण्याची मनीषा धरणे व्यर्थ होय, कारण मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोहोचण्यापूर्वीच चेंडू रवाना झालेला असतो. त्याला वर नेण्याचे काम पात्याच्या कलतेपणाकडे, म्हणजे लॉफ्टकडे, सोपविलेले आहे. सात क्रमांकाच्या आजच्या आयर्नला हा कल साधारणपणे ३० ते ३४ अंशांचा असतो. रडारच्या साह्याने केलेल्या मोजमापांवरून असे दिसते की अमेरिकी पुरुष व्यावसायिकाच्या हातचे हे हत्यार ताशी सुमारे १४५ किलोमीटर वेगाने आणि क्षितिजाशी जवळजवळ चार अंश खालच्या दिशेने चेंडूवर येते. चेंडू मात्र ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन सुमारे सोळा अंशांनी वर सुटतो, मिनिटाला सात हजारांच्या घरात उलट फिरक्या घेतो आणि दीडशे मीटरांहून थोडा पुढे जाऊन टेकतो. या उलट फिरकीमुळे हवेत चेंडूला उचल मिळते, हे स्कॉटिश पदार्थविज्ञ पी. जी. टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात गणिताने मांडले. त्यांचा पुत्र फ्रेडी टेट याने १८९६ व १८९८ साली ब्रिटिश हौशी अजिंक्यपद मिळविले, ही त्या घराण्याची जोडकमाई.

म्हणजे उंच जाण्यासाठी खाली मारावे लागते. पात्याच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूखाली नसून त्याच्या पुढे, निष्णात खेळाडूच्या बाबतीत सुमारे दहा सेंटिमीटर पुढे, पडतो. आधी चेंडू, मग जमीन, असा क्रम राहतो. आणि गवताचा जो पातळ पापुद्रा निघतो, ज्याला खेळाडू डिव्हट म्हणतात, तो चेंडू जेथे होता त्याच्या पुढे सुरू होतो. दिशेचा हिशेबही येथेच उरकतो : चेंडू सुटताना जी दिशा धरतो तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश हुकूम पात्याच्या रोखाचा असतो, उरलेला त्याच्या मार्गाचा. चेंडू भलतीकडे गेला की खांद्यांना दोष देण्यापूर्वी पाते कोणाकडे पाहत होते याची चौकशी प्रथम करावी.

दोषांची मीमांसा

आपल्याकडील नवशिक्याचा मुख्य दोष बालपणापासूनचा आहे. विटीदांडूत दांडूचे टोक विटीखाली घालून तिला वर उडवावे लागते आणि मग टोला हाणावा लागतो. ते कौशल्य अंगी मुरलेला माणूस आयर्न हाती घेताच चेंडूखालीही तसेच काही घालू पाहतो. मग शरीराचा भार मागच्या पायावर राहतो, मनगटे वेळेआधी उलगडतात, कमानीचा तळ चेंडूच्या मागे जातो. याची दोनच फळे संभवतात. पाते चेंडूआधी मातीत रुतले तर फटका 'फॅट' होतो आणि चेंडू पुढ्यातच लोळतो. तळ मागे पडून पाते वर येत असताना चेंडूच्या कमरेला लागले तर फटका 'थिन' होतो आणि चेंडू जमिनीलगत सणसणत ग्रीनपलीकडे जातो. दोन्ही अपराध दिसायला परस्परविरोधी, तरी त्यांचे मूळ एकच. म्हणून एकावर इलाज करताना दुसरा बळावतो, आणि आज वाकून तर उद्या ताठ उभे राहून आपण सुधारणा करीत आहोत असा भ्रम खेळाडूला होत राहतो.

उपाय क्रमाने करावयाचे आहेत. उजव्या हाताने खेळणाऱ्याने आखूड आयर्नसाठी चेंडू दोन्ही पायांच्या मध्यावर आणि लांब आयर्नसाठी किंचित डाव्या पायाकडे ठेवावा. क्लब खाली येऊ लागताच देहाचा भार डाव्या पायावर गेलेला असावा. स्पर्शाच्या क्षणी हात चेंडूच्या किंचित पुढे असावेत. छातीने वळणे थांबवू नये, कारण छाती थांबली की मनगटे आपली मनमानी सुरू करतात. ताल घाईचा नसावा; निष्णात खेळाडूंच्या चित्रफिती मोजून जॉन नोव्होसेल यांनी दाखविले की क्लब मागे नेण्यास जितका वेळ लागतो त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळात तो चेंडूवर येतो, आणि वेग कितीही असला तरी हे प्रमाण सहसा ढळत नाही.

फक्कीची रेघ आणि वाफसा

या साऱ्याची परीक्षा घेणारे साधन प्रत्येक शाळेच्या भांडारात आहे. कबड्डी-खोखोचे मैदान आखण्यासाठी जी चुन्याची फक्की वापरतात, तिची हातभर सरळ रेघ गवतावर ओढावी, चेंडू न ठेवता रेघ दोन पायांच्या मध्ये येईल असे उभे राहावे, आणि अर्ध्या झोकाने क्लब असा फिरवावा की जमिनीवरची खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे सुरू व्हावी. खूण मागे पडली तर तळ मागे आहे. खूणच उठली नाही तर पाते वर राहिले आहे. ही रेघ कोणाची भीड बाळगीत नाही. खूण सातत्याने पुढे पडू लागल्यावरच चेंडू ठेवावा, आणि तोही प्रथम अर्ध्याच झोकाने मारावा.

जमिनीची निवड हा या सरावातील अर्धा भाग. उष्ण कटिबंधातील गोल्फ मैदानांवर ज्या बर्म्युडा गवताचा गालिचा असतो, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हरळी : भाद्रपदात गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा, आणि शेतात माजली की शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारे तण. तिच्या खोडांचे जाळे जमिनीसरपट पसरते आणि तुटलेल्या पेरातून पुन्हा फुटते; फटक्याने उखडलेली जागा ती स्वतःहून भरून काढते, म्हणूनच मैदानकर्त्यांची तिच्यावर मर्जी आहे. मातीचे प्रकरण मात्र ऋतूनुसार बदलते. काळी जमीन पावसात पात्याला चिकटते व थोड्याशा मागे पडलेल्या फटक्यालाही गिळून टाकते. उन्हाळ्यात ती भेगाळून इतकी कठीण होते की पाते उसळून चेंडूच्या माथ्यावर आदळते आणि मनगटाला हिसका बसतो. पाऊस ओसरल्यावर जमीन वाफशावर आली की पापुद्रा स्वच्छ निघतो आणि खूण खरी साक्ष देते. ओल्या गवतात आणखी एक पेच आहे : पाते आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी आल्याने पात्यावरच्या खाचांची पकड सुटते, फिरकी घटते, आणि चेंडू अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबेनासा होतो. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांच्या आसपास असलेल्या वाशीमच्या पठारावर विरळ हवेमुळे पल्ल्यात टक्का-दोन टक्क्यांची भर पडेल. तिचा हिशेब ठेवण्याची पाळी तळाचा बिंदू स्थिर झाल्यावरच येते.

या आढाव्याचा निष्कर्ष असा की आयर्नच्या फटक्यातील सुधारणा ही कमानीचा तळ चेंडूपुढे नेण्याची सुधारणा आहे. पकड, भार, ताल, हत्यार यांचे सारे वाद त्या एका कसोटीवर तपासावेत आणि जे तिला उतरत नाही ते बाजूला सारावे. गोल्फचे अठरा खळग्यांचे मैदान वाशीमला मिळावे अशी मागणी करणे पाण्याची आणि जमिनीची परिस्थिती पाहता सुज्ञपणाचे ठरणार नाही. परंतु जिल्हा क्रीडा संकुलाने किंवा एखाद्या महाविद्यालयाने हरळीची एक अरुंद पट्टी राखावी, समोर भक्कम जाळे लावावे, कारण ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा चेंडू खुल्या मैदानात मुलांमध्ये सोडणे हा गुन्हाच होय, आणि दोन-तीन जुन्या आयर्न व फक्कीचे पोते एवढा सरंजाम मुलामुलींच्या हाती द्यावा. खर्च अल्प आहे, जमीन घरची आहे. वाफशाचे दिवस हाती असतानाच हे काम सुरू करावे.