महाशीरची गळमासेमारी

महाशीरची गळमासेमारी म्हणजे रॉड, रील, दोर आणि गळ यांच्या साहाय्याने महाशीर हा गोड्या पाण्यातील मोठा व बलवान मासा पकडण्याचा छंद होय. भारतात हा छंद ब्रिटिश काळात लोकप्रिय झाला. हेन्री सुलिव्हन थॉमस यांच्या १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द रॉड इन इंडिया' या ग्रंथात महाशीरला महत्त्वाचे स्थान आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका आणि लोणावळा यांचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. दख्खनी महाशीर हा या भागातील नद्यांचा मूळ रहिवासी आहे. शिवाय लोणावळ्याजवळील वळवण येथील केंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन करून देशाच्या अनेक भागांत त्याची पिल्ले पाठवली गेली.

मासा आणि त्याचे बळ

दख्खनी महाशीरचे शास्त्रीय नाव 'टोर खुद्री' असे आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले आणि 'खुद्री' हे स्थानिक नावच जातिनाम म्हणून वापरले. मोठे खवले, जाड ओठ, मिशीसारख्या स्पृशांच्या दोन जोड्या आणि निळसर पर ही त्याची ओळख आहे. त्याच्या जबड्यात दात नसतात. घशातील दातांनी मात्र तो गोगलगायी व खेकडे चिरडतो, त्यामुळे कमकुवत गळ वाकण्याचा किंवा मोडण्याचा धोका असतो.

गळ लागताच महाशीर प्रवाहाच्या जोराचा फायदा घेत लांब धाव घेतो. ही पहिली धाव सर्वांत जोरदार असते, आणि खडकांच्या आड शिरण्याकडे त्याचा कल असतो. सह्याद्रीतील नद्यांचे पात्र बेसाल्टचे असून त्याच्या कडा धारदार असतात. मोठा वेग, लांब धाव आणि दोर घासणारा खडक या तीन गोष्टींचा विचार करूनच दोर व रील यांची निवड केली जाते.

दोराची निवड

कोकणात गळाने मासे धरण्यास 'गरवणे' आणि नायलॉनच्या एकेरी, पारदर्शक दोरास 'तंगूस' म्हणतात. तंगूस स्वस्त असतो, खडकावर घासला तरी तुलनेने टिकतो आणि ताण पडल्यावर बराच लांबतो. या लवचिकतेमुळे माशाचा अचानक हिसका दोरातच विरतो. मात्र लांब अंतरावर आमिषाला झालेला स्पर्श हाताला नीट जाणवत नाही. तसेच पाणी शोषल्यावर नायलॉनची ताकद काहीशी घटते.

विणीचा दोर, म्हणजेच बाजारात 'ब्रेड' या नावाने मिळणारा दोर, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या चार, आठ किंवा अधिक तंतूंची वेणी घालून तयार करतात. १९९० च्या दशकात तो गळमासेमारीत रूढ झाला. समान ताकदीच्या नायलॉनच्या तुलनेत त्याची जाडी जवळपास निम्मी असते. जाडी निम्मी झाली की छेदाचे क्षेत्रफळ एक-चतुर्थांश होते, म्हणून त्याच रीलवर सुमारे चौपट लांबीचा दोर मावतो. हा दोर जवळजवळ लांबत नाही. त्यामुळे स्पर्श स्पष्ट कळतो व गळ चटकन रुततो.

या गुणांची दुसरी बाजूही आहे. दोर लांबत नसल्याने हिसक्याचा सगळा भार गळ, गाठ आणि माशाचे ओठ यांवर येतो, म्हणून लवचिक रॉड व नरम ड्रॅग आवश्यक ठरतो. ताणलेला विणीचा दोर खडकाच्या धारेवर चटकन कापला जातो. पॉलिएथिलीन कमी तापमानाला मऊ होत असल्याने गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने दोर दुबळा होऊ शकतो. हे टाळण्यासाठी गाठ आवळण्यापूर्वी ओली करतात. ताणलेला दोर बोटे कापू शकतो, म्हणून तो हाताला कधीही गुंडाळत नाहीत.

लहान व मध्यम माशांसाठी साधारण ७ ते १० किलो ताण सहन करणारा दोर पुरतो. मोठे मासे आणि खडकाळ, वेगवान पाणी असेल तेथे १५ ते २३ किलोचा दोर वापरतात. जड दोर निवडण्यामागे केवळ मासा हातचा जाऊ नये हा हेतू नसतो. हलक्या दोरावर झुंज लांबते, मासा थकून सोडल्यानंतरही मरू शकतो. दोर तुटल्यास तोंडात गळ आणि मागे लोंबणारा दोर घेऊन तो निसटतो. तो दोर खडकात अडकला तर माशाचा जीवही जातो.

रीलची निवड

स्थिर स्पूलचे रील वापरण्यास सोपे असते आणि हलके आमिष दूर फेकण्यास उपयोगी पडते. फिरत्या स्पूलचे रील, ज्याला मल्टिप्लायर म्हणतात, जड आमिष व जड दोर यांसाठी अधिक भक्कम मानले जाते. मात्र फेकताना अंगठ्याने स्पूलवर नियंत्रण न ठेवल्यास दोराचा गुंता होतो.

रीलमधील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ड्रॅग. ही घर्षणावर चालणारी रचना ठरावीक ताणापेक्षा जास्त ओढ बसल्यास दोर सुटू देते. ड्रॅग सामान्यतः दोराच्या ताणमर्यादेच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश ठेवतात. २३ किलोच्या दोरासाठी हे मूल्य सुमारे ६ ते ७.५ किलो येते. ते हाताच्या अंदाजाने न ठरवता दोराला स्प्रिंग काटा लावून मोजणे योग्य ठरते.

दोर सुटत जातो तसा स्पूलवरील दोराचा व्यास कमी होतो आणि ड्रॅगला हात न लावताही दोरावरील ताण वाढतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ६० मिलिमीटर असताना ताण ४ किलो असेल, तर व्यास ४० मिलिमीटरवर आल्यावर तो ६ किलो होतो. लांब धावेच्या शेवटी दोर तुटण्याचे हे एक कारण आहे. त्यामुळे रीलवर गरजेपेक्षा जास्त दोर ठेवतात आणि लांब धाव सुरू असताना ड्रॅग घट्ट करत नाहीत. विणीचा दोर गुळगुळीत असल्याने पूर्ण गुंडाळीच स्पूलवर घसरू शकते. ते टाळण्यासाठी आधी तंगूसचे काही वेढे देतात.

लीडर व गळ

विणीच्या दोराच्या टोकाला काही मीटर जाड नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बनचा तुकडा जोडतात. यास लीडर म्हणतात. खडकावर घासण्याचा भार तो झेलतो व थोडी लवचिकताही देतो. मासा सोडून द्यायचा असल्यास एकेरी व काटा नसलेला गळ वापरतात, कारण तो कमी इजा करून निघतो.

समुद्री साधनांशी तुलना

कोकण किनाऱ्यावर खोल समुद्रात सुरमई, कुपा यांसारख्या माशांसाठी हीच तत्त्वे मोठ्या प्रमाणावर लागू होतात. कुप्याची धाव फार लांब असल्याने ३०० मीटर किंवा त्याहून अधिक दोर मावणारे रील लागते. खोल पाण्यात बारीक विणीच्या दोरावर प्रवाहाचा रेटा कमी बसतो व आमिष सरळ खाली जाते. सुरमईचे दात धारदार असल्याने तेथे तारेचा लीडर वापरतात. खारे पाणी धातू गंजवते, म्हणून समुद्री रील अधिक बंदिस्त असते आणि वापरानंतर ते गोड्या पाण्याने धुतात. नदीत खाऱ्या पाण्याचा त्रास नसतो, पण वाळू व गाळ रीलमध्ये शिरतो.

लोणावळा येथील प्रजनन

खोपोली येथील वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. त्याला पाणी पुरवण्यासाठी टाटा समूहाने लोणावळा, वळवण व शिरोटा ही धरणे बांधली. या तलावांतही महाशीर आढळतो. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास येथे दख्खनी महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचे काम केले आणि पुढे एस. एन. ओगले यांनी ते विस्तारले. पावसाळ्यात परिपक्व झालेल्या माद्यांची अंडी हलक्या दाबाने काढून त्यांवर नराचे वीर्य मिसळले जाते. साधारण तीन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. फलित अंडी पाण्याऐवजी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवण्याची पद्धतही कुलकर्णी व ओगले यांनी १९७९ मध्ये मांडली. यामुळे दूरच्या राज्यांना बीज पुरवणे सोपे झाले.

टोर खुद्री ही जाती पूर्वी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत संकटग्रस्त होती. २०१८ च्या मूल्यांकनात तिची नोंद 'कमी चिंताजनक' अशी झाली.

कावेरी खोऱ्यावरील परिणाम

महाशीरच्या गळमासेमारीतील सर्वांत प्रसिद्ध नोंद कावेरी खोऱ्यातील आहे. म्हैसूरचे जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महाशीर पकडला. कावेरीतील असे प्रचंड मासे वशिंडाच्या महाशीरचे होते. तो त्या खोऱ्यापुरता मर्यादित असून २०१८ साली त्याचे शास्त्रीय नाव 'टोर रेमादेवी' असल्याचे निश्चित झाले.

गळमासेमारीसाठी मासे वाढावेत या हेतूने कावेरीत लोणावळ्यातील दख्खनी महाशीरची पिल्ले सोडण्यात आली. ती तेथे झपाट्याने वाढली. गळकऱ्यांनी पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा एकूण महाशीर वाढले असले तरी वशिंडाचा महाशीर जवळपास दिसेनासा झाल्याचे आढळले. आज तो अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. धरणे, वाळूउपसा, प्रदूषण व स्फोटकांनी होणारी मासेमारी यांचाही त्याला धोका आहे. एका नदीत वाचवलेली जाती दुसऱ्या नदीत परकी ठरू शकते, याचे हे उदाहरण मानले जाते. त्यामुळे ज्या खोऱ्यातील मासा, त्याच खोऱ्यात त्याचे बीज सोडावे, असा आग्रह संशोधक धरतात.

पकडणे व सोडणे

पकडलेला महाशीर शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढला जातो. त्याला हात लावण्यापूर्वी हात ओले करतात, कारण कोरड्या हातांनी अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघतो. जबड्याला धरून मासा लोंबकळत ठेवत नाहीत. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून निसटेपर्यंत आधार देतात. इंद्रायणीकाठी देहू येथे महाशीरला श्रद्धेने अभय दिले जाते. मावळातील तलावांवर मासेमारीसाठी संबंधित मालक किंवा ठेकेदार संस्थेची परवानगी घ्यावी लागते.

तुटलेला किंवा जुना दोर पाण्यात टाकणे घातक असते. पॉलिएथिलीन व नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाहीत आणि त्यांत पाणपक्षी, कासवे व पाणमांजरे अडकतात. त्यामुळे वापरलेला दोर गोळा करून लहान तुकडे करणे आणि कचऱ्यात टाकणे हा या छंदाचाच भाग मानला जातो.