घटस्फोट झाला, पण घराचा हप्ता दोघांचाच!



समजा, तुम्ही राहत्या फ्लॅटमधून डबे देता. घटस्फोट झालाय, फ्लॅट आणि गृहकर्ज मात्र अजून दोघांच्या नावावर. "त्याच्या वाट्याचा हप्ता तो भरेल," म्हणून तुम्ही निर्धास्त. सहा महिन्यांनी मुद्रा कर्जाला अर्ज करता आणि बँक नाही म्हणते. कारण? दोन हप्ते चुकलेत, आणि ते तुमच्याही सिबिलवर दिसतायत.

लक्षात घ्या, कोर्टातला करार तुमच्या दोघांतला. बँक त्याला बांधील नाही. सहकर्जदार असाल तर ती पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करू शकते.

मग काय करायचं? खर्चाचे सरळ तीन भाग पाडा.

१. मालकीचा खर्च: हप्ता, घरपट्टी, मोठी दुरुस्ती. हा हिश्श्याप्रमाणे. हप्ता २०,००० आणि घरपट्टी महिन्याला ५०० धरली, तर निम्म्या हिश्श्याला प्रत्येकी १०,२५०.

२. राहणाऱ्याचा खर्च: वीज, पाणी, गॅस, सोसायटीचा नेहमीचा मेंटेनन्स. जो राहतो, तो भरतो. एकटेच राहत असाल, तर समोरच्याच्या निम्म्या हिश्श्याचं भाडं द्यायचं का, तेही आत्ताच ठरवा. नंतर यावरूनच भांडणं होतात.

३. धंद्याचा खर्च: वीजबिलातले १,४०० रुपये डब्यांमुळे वाढत असतील आणि महिन्याला १,००० डबे जात असतील, तर डब्यामागे १ रुपया ४० पैसे. ते डब्याच्या किमतीत आलेच पाहिजेत. घरखर्चात लपवलेत, तर नफा खोटा दिसेल.

हप्त्यासाठी वेगळं खातं ठेवा. दोघांनी ५ तारखेपर्यंत पैसे टाकायचे, हप्ता १० ला कापला जाईल असं बघा. मधल्या पाच दिवसांत कोणाचे आले नाहीत ते कळतं. तेव्हा आधी हप्ता भरा, भांडण मागाहून. पण भरल्याची नोंद जपा, हिशेबात ती रक्कम मागता येते.

परस्पर संमतीने घटस्फोट घेत असाल, तर हे सगळं संमतीच्या अटींमध्येच लिहून घ्या. घर कधी विकायचं किंवा कोणी कोणाचा हिस्सा घ्यायचा, त्याची तारीखसुद्धा.

आणि एक. हक्कसोडपत्र नोंदवून घराच्या कागदावरून नाव निघालं, म्हणजे कर्जावरूनही निघालं असं नाही. त्यासाठी बँकेची लेखी मंजुरी वेगळी लागते. सही करण्याआधी वकिलाला एकदा दाखवाच.

नातं संपलं तरी हिशेब चोख ठेवा. उद्याचं भांडवल त्यावरच मिळणार आहे.