तारुण्याची सलाईन

एनएडी हे पेशींत अन्नातून ऊर्जा काढायला लागणारे सहविकर. हार्डन आणि यंग या शास्त्रज्ञांना 1906 मध्ये यीस्टच्या अभ्यासात त्याचा सुगावा लागला. वयाबरोबर काही ऊतींत ते घटते, म्हणून शिरेतून भरा आणि तरुण राहा, असा क्लिनिकवाल्यांचा हिशेब. ऐकायला सरळ, पण निरोगी माणसाचे वार्धक्य यामुळे लांबणीवर पडते हे दाखवणारी मोठी, नियंत्रित चाचणी नाही. तोंडाने घ्यायच्या पूरकांनी रक्तातली पातळी वाढते. तब्येतीतला फरक मात्र किरकोळ, तोही प्रत्येक चाचणीत नाही.

सलाईन तासन्‌तास चालते. वेग वाढवला की मळमळ, पोटात कळा, छातीत आवळल्यासारखे. द्रव निर्जंतुक नसेल तर संसर्ग थेट रक्तात. कर्करुग्णांनी, गर्भवतींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.