चोरांसाठी शिंपडलेले पाणी

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या उत्तरेस मेदोक नावाचा जो द्राक्षांचा प्रांत आहे, तेथील बागाईतदारांचा एक दस्तूर असा होता की, वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना कालवून ते निळसर पाणी रस्त्याकडेच्या ओळींवर शिंपडून ठेवावयाचे, म्हणजे विषाच्या भयाने चोर आपण होऊनच दूर राहत. 1882 च्या शरद ऋतूत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे त्या बाजूने जात असता त्यांच्या नजरेस आले की, केवडा रोगाने आतील बागेची पाने झडली असली, तरी चोरांच्या बंदोबस्तासाठी रंगविलेल्या वेली मात्र हिरव्या आहेत. 1885 साली त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. आमचा नाशिककडचा बागाईतदार ज्याला नुसते ‘बोर्डो’ म्हणतो, ते हेच.

औषध सापडले, पण ते पानावर बसवावयाचे कसे? प्रारंभी मजूर एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात लहानशी केरसुणी घेऊन ते शिंपडीत. लग्नमंडपातील गुलाबदाणीचा टपोरा थेंब नेमका आपल्याच चष्म्यावर पडावा, त्यातलाच हा प्रकार. एक पान निथळते, शेजारचे कोरडेच राहते, आणि केवडा तर पानाच्या खालच्या अंगाने शिरतो.

तोड निघाली ती तोटीत. अमेरिकेत चार्ल्स रायली या कीटकशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली कापसाच्या किडीसाठी घडविलेल्या तोटीत पाणी एका इवल्या वाटोळ्या कोठडीत कडेने शिरते, तेथे गरगर फिरते, आणि मधल्या छिद्रातून बाहेर पडताना त्याचा पातळ पडदा होऊन तो पडदाच फाटून तुषार होतात. हीच युक्ती फ्रान्सच्या व्हर्मोरेल यांनी पाठीवरच्या पंपाला जोडली. थेंबाचा व्यास दशांश केला तर तेवढ्याच पाण्याचे हजार थेंब होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग दसपट होतो. फवारणीची सारी किफायत या हिशेबात आहे. मात्र तुषार फारच बारीक झाला की तो वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या शेतात, किंवा फवारणाऱ्याच्याच नाकातोंडात जातो. चुन्याचा कण अडकलेले नोझल काढून तोंडाने फुंकण्याची आमच्याकडची खोड तर मला नेहमीच धास्तीची वाटत आली आहे.

जाणता बागाईतदार म्हणून वारा पडलेला असताना पहाटेच पंप सुरू करतो, कालवण फडक्यातून गाळून घेतो, आणि ओळ संपली की एखादे पान उलटे करून, खालच्या लवीवर निळे ठिपके बसले आहेत की नाहीत, ते पाहतो.