व्हिएतनामचीं नळीघरें

हनोई शहराच्या जुन्या पेठेंत मा मे नांवाची एक गल्ली आहे. तेथील ८७ क्रमांकाचें घर लोकांना पाहण्यासाठीं खुलें ठेविलेलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलें हें घर रस्त्यावरून एखाद्या किरकोळ दुकानाएवढें दिसतें. पण उंबरठा ओलांडून आंत जावें, तों घर कांहीं संपत नाहीं. पुढें दुकान, त्यामागें उघडा चौक, चौकामागें राहण्याच्या खोल्या, पुन्हां चौक, आणि अगदीं शेवटीं स्वयंपाकघर, अशी त्याची मांडणी. अशा घरांना व्हिएतनामी भाषेंत 'न्हा ओंग' म्हणजे 'नळीघर' म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे.

रस्त्यालगतची जागा हेंच व्यापाऱ्याचें खरें भांडवल. प्रत्येकाला दुकानाचें तोंड रस्त्याकडे हवें. म्हणून तोंडें अरुंद झालीं आणि घरें मागें लांबत गेलीं. दुकानाच्या रुंदीवर कर असे म्हणून हा आकार आला, अशीही एक कथा सांगतात. पण कर नसता तरी बाजारानें हाच आकार घडविला असता. दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती भिडलेल्या, तेव्हां खिडक्या काढावयाच्या कोठें? म्हणून चौक हेंच त्या घराचें नाक. चौकांतील तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागीं दारांतून दुसरी हवा आंत येते. पुण्याच्या जुन्या वाड्यांत ज्यांनीं उन्हाळे काढले आहेत, त्यांस हें अधिक समजावून सांगावयास नको.

पुढें दीर्घ युद्ध झालें आणि १९७६ सालीं देश एकत्र आला. १९८६ सालीं सरकारनें 'दोइ मोइ' म्हणजे नवीकरण या नांवाचें धोरण स्वीकारलें. खासगी व्यापाराला मोकळीक मिळाली आणि शहरें झपाट्यानें वाढूं लागलीं. नळीघराची रुंदी तीच राहिली. मात्र तें उंच झालें. चार मीटरांच्या पट्टीवर चार-चार, पांच-पांच मजले चढले. जमिनीचा भाव वाढला तसा चौक ही चैन वाटूं लागली, आणि तो बुजवून त्या जागीं आणखी एक खोली काढण्याची रीत पडली. परिणाम असा झाला कीं, मधल्या खोल्यांत भर दुपारीं दिवे लावावे लागतात. हवा थंड करणारें यंत्र खोलींतील उष्णता गल्लींत फेंकतें, आणि गल्ली तापली म्हणून शेजारीही तेंच यंत्र बसवितो. त्यांतच चोरांच्या भीतीनें सज्जांना लोखंडी गज बसविलेले असतात. त्यांना तेथील लोक 'वाघाचे पिंजरे' म्हणतात. वाघ अर्थातच आंत राहणारा गृहस्थ.

परदेशीं नव्या व्हिएतनामचें चित्र म्हणून जें छापलें जातें, तें या घरांचें नव्हे. तें हो ची मिन्ह शहरांतील, म्हणजे पूर्वींच्या सायगॉनमधील, उत्तुंग मनोऱ्यांचें असतें. २०१० सालीं पुरा झालेला बायटेक्स्को मनोरा २६२ मीटर उंच आहे. त्याचा आकार कमळाच्या कळीवरून घेतला असें सांगतात. २०१८ सालीं झालेला 'लँडमार्क ८१' ४६१ मीटर उंच, आणि त्याच्या मुळाशीं बांबूच्या जुडीची कल्पना आहे. कमळाचें नांव घ्या कीं बांबूचें, दोन्ही इमारती कांचेनेंच मढविलेल्या आहेत. उष्ण आणि दमट देशांत कांचेच्या बंद पेटींत राहावयाचें, तर यंत्रावांचून एक दिवसही निभत नाहीं.

वास्तुशास्त्राच्या दृष्टीनें अधिक मोलाचें काम अरुंद पट्टीवरच झालें आहे. वो त्रोंग न्घिया यांचा जन्म १९७६ चा. त्यांचें शिक्षण जपानांत झालें आणि २००६ सालीं ते मायदेशीं परतले. त्यांच्या कार्यालयानें २०११ सालीं हो ची मिन्ह शहरांत एक नळीघर बांधलें. जागा चार मीटर रुंद आणि वीस मीटर खोल, म्हणजे तेथील अगदीं नेहमींची. पण घराच्या पुढच्या व मागच्या अंगास भिंतीऐवजीं काँक्रीटच्या लांबलचक आडव्या कुंड्या एकावर एक रचल्या आहेत. दोन कुंड्यांमधील अंतर त्यांत लावावयाच्या रोपांच्या उंचीप्रमाणें कमी-अधिक ठेविलें आहे, आणि पाणी देण्यासाठीं त्यांतूनच नळ्या खेळविल्या आहेत. आंत आडभिंती फारशा नाहींत आणि माथ्यावर झरोके आहेत. त्यामुळें वारा एका टोंकानें शिरून दुसऱ्या टोंकानें किंवा वरून बाहेर पडतो. ऊन व रस्त्यावरची धूळ पानें अडवितात. ही हिरवळ केवळ शोभेची आहे असें समजणें चुकीचें होईल. ती त्या घराची खिडकी आहे.

त्याच कार्यालयाच्या २०१४ मधील दुसऱ्या एका घरांत पांच सुट्या खोकेवजा इमारती असून प्रत्येकीच्या माथ्यावर जाड मातीचा थर व त्यांत झाड आहे. या शहरांत मोठी सर आली कीं रस्ते पाण्याखालीं जातात. गच्चीवरील माती कांहीं पाणी धरून ठेवील, हा त्यांतील हिशेब. एका घरानें पूर हटत नाहीं हें उघड आहे, परंतु पांच खोक्यांमध्यें मोकळी जागा सोडून बुजलेला चौक परत आणला, हें मोठेंच काम झालें.

दुसरा उपाय याहून जुना आणि स्वस्त आहे. तो म्हणजे सच्छिद्र विटा. दक्षिण व्हिएतनामांत त्यांना जें नांव आहे त्यांतच 'फूल' आणि 'वारा' हे दोन शब्द येतात. न्गो व्हिएत थू या वास्तुविशारदानें सायगॉनचा राजप्रासाद १९६२ ते १९६६ या काळांत बांधला, तेव्हां त्यानेंही दर्शनी भागास बांबूच्या पेऱ्यांसारख्या उभ्या पट्ट्यांचा पडदा लावला. वारा आंत यावा, ऊन येऊं नये. दानांग येथें 'ट्रॉपिकल स्पेस' या कार्यालयानें २०१४ सालीं बांधलेल्या घराला वारुळाचें नांव दिलें आहे, कारण त्याच्या भाजक्या विटांच्या भिंती वारुळासारख्या छिद्रांनीं भरलेल्या आहेत. विटेचा त्या प्रांताशीं संबंध फार जुना. दानांगपासून थोड्या अंतरावर मी सोन येथें चाम राजांचीं शिवमंदिरें उभीं आहेत, आणि तीं विटांचींच आहेत.

अशीं घरें बहुधा सुखवस्तु मंडळींचीं असतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच बिएन होआ येथें २०१३ सालीं झालेल्या बालवाडीचा उल्लेख केला पाहिजे. जोड्यांच्या कारखान्यांतील कामगारांच्या सुमारें ५०० मुलांसाठीं न्घिया यांनीं ती बांधली. तिचें हिरवें छप्पर जमिनीपासून वर चढत तीन वेढे घेतें, त्यावर मुलें भाजी लावतात, आणि कारखान्याचें सांडपाणी शुद्ध करून त्या वाफ्यांना दिलें जातें. वर्ग अरुंद असून दोन्ही बाजूंस उघडे आहेत. त्यांत हवा थंड करणारें यंत्र ठेविलेलें नाहीं.

पण हवेइतकाच दुसरा एक प्रश्न या अरुंद जागांतून उभा राहिला आहे. १२ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं हनोईंतील एका अरुंद गल्लीच्या आंत, लहान लहान बिऱ्हाडांच्या इमारतींत आग लागली आणि ५६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. परवानगी सहा मजल्यांची होती. मजले त्याहून अधिक चढविले होते. आग तळमजल्यावर, मोटारसायकली ठेवण्याच्या जागीं लागली. खालीं उतरण्याची वाट तिच्यांतूनच होती, आणि आगीचे बंब गल्लींतून इमारतीपर्यंत पोंचूं शकले नाहींत. नळीघरांतही रात्रीं मोटारसायकली दुकानाच्या जागेंतच उभ्या असतात, आणि वर पिंजरे असतात. सच्छिद्र भिंत वारा आंत घेते, पण माणसाला बाहेर सोडीत नाहीं. तींत उघडणारें दार मुद्दाम ठेवावें लागतें. त्या सुमारास हनोईंत घरोघर दुसरी वाट काढण्याचा आग्रह पोलिसांनीं धरला, आणि कित्येकांनीं आपल्या पिंजऱ्यांचे गज कापून त्यांना दारें बसविलीं.